थोडी हवा कमी

उतारावरच उभा करून ठेवतो याला,
सुरूच्या बनाकडे तोंड करून,
म्हणजे बॅटरीची मिनतवारी नको.
ब्रेक सोडला की आधी चाकं जागी होतात,
मग क्लचचा एक झटका,
मग खोकत, काळा धूर थुंकत
इंजिनाला आठवतं आपण कोण ते.

घाटावरचा आहे. तासगावकडचा.
तीस वर्षं काळ्या मातीत खांदे घासून आलाय.
तिथली चिकण अजून मडगार्डच्या सांदीत आहे,
खरवडून निघेल,
पण मी खरवडत नाही.
तिथे खोल घालायचं, ढेकळं फोडायची.
इथे मोचेमाडला फोडायला आहे काय?
साडेसहा गुंठे पुळण,
मुठीत धरली तर मुठीतही राहत नाही.

पहिल्या वर्षी मी नांगरच घातला होता.
खालची पांढरी रेव वर आली,
वाऱ्याने दोन दिवसांत सुकवली आणि नेली
थेट द्रौपदीकाकीच्या विहिरीपर्यंत.
काकी बोलली काही नाही.
कळशीच्या बुडाशी बसलेली वाळू
माझ्या पायरीवर ओतून गेली, एवढंच.

तेव्हापासून नांगर माडाच्या बुंध्याशी पडून.
त्याच्या दांड्यावर कोंबडी बसते.
नऊ फणांतले चार मी काढून टाकले,
उरलेल्या पाचांची टोकं आग्नेलने वेल्डिंग मारून दिली.
म्हणाला, "रेंव म्हणजे कानस रे.
लोखंड खाता आणि दात दाखवणा नाय."

मार्गशीर्षात दव असतं तोवरच काम.
नऊ वाजले की हीच जमीन पिठासारखी उडते.
दुसरा गियर, हळू,
फण चार बोटं आत, जास्त नाही.
लिफ्टचा भरवसा नाही, तेल गळतं,
वर उचललेले फण आपसूक उतरत येतात
पेंगणाऱ्याच्या पापण्यांसारखे,
म्हणून साखळीने आवळून ठेवलेत.
मागून आवाज येतो तो मातीचा नाही,
शिंपल्यांचा.
कुणी बांगड्यांची टोपली घेऊन
मागोमाग चालतंय असं वाटतं.
मी दोनदा वळून बघितलं.
एक कुर्ली, तिरकी, बीळ शोधत.

शेवटच्या वळणावर, समुद्राच्या अंगाला, डावं चाक बसलं.
मी रेस केलं. ते आणखी बसलं.
पुन्हा रेस केलं, कारण माणूस दोनदा चुकतोच.
बंद करावा तर चालू करायला उतार हवा,
आणि उतार राहिला मागे.
तसाच धडधडत ठेवून खाली उतरलो.

वेळेवर रापण ओढून झाली होती,
टोपल्या अर्ध्या.
कुणाला हाक मारायला लागली नाही.
लाडू तारीने आधी एक फेरी मारली,
बाजारात बैल बघावा तशी,
मग चाकाशी बसून व्हॉल्व्हवर नख दाबून धरलं.
बराच वेळ फुसफुस.
"वायच वारो कमी कर," म्हणाला,
"रेंवेत फुगान चलणारो रुतता."

मग अकरा माणसं आणि रापणीचा ओला दोर,
त्यावर खवले चिकटलेले.
पावसाळ्याआधी दर वर्षी
यांची होडी हाच वर ओढतो,
आज होडीवाल्यांनी याला ओढला.
खड्ड्यातून वर आला तेव्हा
जाळ्यात चुकून सापडलेल्या
एखाद्या थोराड, न विकणाऱ्या माशासारखा दिसला.
हिशेब कुणी काढला नाही.
टोपलीच्या तळाची बारीक मासळी मात्र
लाडूने माझ्या बांधावर उलटी केली: खताला.

दुपारी फळी फिरवली.
माडाचा ओंडका उभा चिरून केलेली,
वर वजनाला शालन बसते.
उतरल्यावर ती आधी शेताकडे नाही,
पातळाकडे बघते.
उद्या खड्डे. दोन हातांवर एक,
राख, शेण, मासळी,
आणि कलिंगडाच्या तीन-तीन बिया.
एक रुजणार नाही, एक कावळ्याची.

रात्री पंप घेऊन हवा भरायला गेलो.
टायर खाली पसरून बसले होते,
घरच्या माणसाने मांडी घालावी तसे.
इंजिन अजून कोमट.
हात ठेवला थोडा वेळ,
आणि पंप तसाच परत आणला.